बटणफुलाशिवाय प्रवेश नाही

कोटाच्या डाव्या बाजूला, छातीच्या जरा वर, एक भोक असतं आणि त्या भोकाला जोडीचं बटण नसतं. ज्या वस्तूचा काही उपयोग नाही ती जपून सांभाळणं यालाच सुधारणा म्हणतात. तेव्हा ज्या समाजाच्या कोटाला हे भोक आहे तो सुधारलेला, आणि ज्याच्याकडे मुळात कोटच नाही त्याची सुधारणा अजून व्हायची आहे, हे कुणालाही पटावं. (ज्यांना पटत नाही त्यांनी आपण काय घातलंय ते आधी पाहावं.)

नंदुरबारला ही सुधारणा १९३४ सालच्या वैशाखात आली, ती झुंबरलाल शेठच्या मुलीच्या लग्नात.

झुंबरलाल हा मिरचीचा आणि कापसाचा व्यापारी. मिरच्या वाळवायच्या पथारीनं त्याला घर दिलं, कापसाच्या जिनिंगनं घरावर दुसरा मजला दिला, आणि सुरतेच्या हुकमीचंद शेठच्या मुलाशी धनकंवरची सोयरीक जमली तेव्हा त्याला काळजी मिळाली. सुरतेची माणसं म्हणजे साधी नव्हेत. सुरतेला घरोघरी वीज होती. नंदुरबारलाही वीज होती, पण ती पावसाळ्यात आणि आभाळात. अशा माणसांसमोर आपण गावंढळ ठरू या भीतीनं झुंबरलालची झोप उडाली, जेवण कमी झालं आणि स्वभाव एवढा मऊ झाला की हमालसुद्धा घाबरले.

या संकटात त्याला वामनराव भेटले. वामनराव हे धुळ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. त्यांनी एकदा दरबारात कलेक्टरसाहेबांना कोटाला फूल लावलेलं पाहिलं होतं. तेही इतक्या जवळून, की त्या फुलाचा वास घेता आला असता. (त्यांनी घेतला नाही. वास घेण्याचा हुकूम नव्हता.) तेव्हापासून सभ्यतेच्या बाबतीत त्यांचा शब्द गावात शेवटचा समजला जाई.

"शेठजी, सुरतेची मंडळी येणार," वामनराव म्हणाले. "जेवणाचं होईल, उतरायचं होईल. पण बटणफुलाचं काय?"

"कसलं फूल?"

वामनरावांनी आपल्या कोटाचं भोक दाखवलं आणि त्यात बोट घालून बाहेर काढलं. झुंबरलालनं ते बोट आदरानं पाहिलं.

"तिकडे मोठ्या लग्नात प्रत्येक पुरुषाच्या छातीवर इथं फूल असतं. दाराशीच लावतात. फूल नाही तो पाहुणा नाही."

"पण त्यांनी तसं मागितलंय का?"

"मोठी माणसं मागत नसतात, शेठजी," वामनराव म्हणाले. "लक्षात ठेवतात."

दुसऱ्याच दिवशी पुष्पव्यवस्था मंडळाची स्थापना झाली. वामनराव अध्यक्ष झाले. निर्णय निःपक्षपाती व्हावेत म्हणून ज्याला फुलांतलं काही कळतं असा एकही माणूस मंडळावर घेतला नाही.

मंडळापुढे पहिला प्रश्न आला तो फुलाचा. वैशाखात नंदुरबारला गुलाब मिळतो, पण गुलाबालाच ते मान्य नसतं. सकाळी उमललेला गुलाब दुपारी अंग टाकतो. शिवाय गुलाब थोडे. तेव्हा मंडळानं प्रतवारी लावली. व्याह्यांकडच्यांना गुलाब. वकील, डॉक्टर, स्टेशनमास्तर आणि ज्यांच्याशी पुढं काम पडू शकतं अशांना मोगरा. उरलेल्या आप्तांना कण्हेर. आप्त हे आप्तच राहतात, त्यांना गुलाब देऊन ते अधिक आप्त होत नाहीत, अशी वामनरावांची मांडणी होती. झुंबरलालला ती जरा टोचली. पण टोचणाऱ्या गोष्टी सुधारलेल्या असतात, हे त्याला नव्या बुटांवरून माहीत होतं.

दुसरा प्रश्न पानांचा. फुलामागं हिरवी, झिरमिळ्यांची, पिसासारखी पानं लागतात, असं वामनरावांना आठवत होतं. विलायतेत अशी पानं काचेच्या घरात वाढवतात. नंदुरबारच्या बाजारात जे हिरवं, झिरमिळ्यांचं आणि पिसासारखं मिळतं त्याला शेपू म्हणतात. मंडळानं शेपू मंजूर केला.

फुलं बांधायला रुखमाबाई माळीण आली. आयुष्यभर तिनं गजरे केले होते, देवाचे हार केले होते, मयताचेही केले होते. पुरुषांच्या छातीवर लावायचं फूल बांधायला सांगितल्यावर तिनं आधी वामनरावांकडे आणि मग त्यांच्या छातीकडे पाहिलं.

"बाईना केसमा गजरा ऱ्हास. देवना गळामा हार ऱ्हास," ती म्हणाली. "गडीना छातीवर फूल कसाले? तो ना बाई, ना देव."

"तो सभ्य गृहस्थ असतो, बाई."

"मंग राहू द्या," रुखमाबाई म्हणाली आणि केळीचं सोपट भिजवायला घेतलं. तिनं एक फूल बांधून झुंबरलालच्या मुनिमाला लावून पाहिलं. मुनीम मिरचीच्या पथारीजवळ उभा होता. तो जोरात शिंकला आणि फूल उडून मिरचीत पडलं. या प्रयोगानंतर सोपटाच्या जोडीला टाचणी लावायचं ठरलं. टाचणी लावल्यावर मुनीम पुन्हा शिंकला. या वेळी फूल जागेवर राहिलं आणि मुनीम ओरडला. प्रयोग यशस्वी झाला.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. फुलाला भोक हवं आणि भोकाला कोट हवा. मंडळाच्या अंदाजानं निमंत्रितांपैकी चारांत एकाकडे कोट होता, दुसऱ्याला उसना मिळण्यासारखा होता, तिसऱ्याचा होता पण तो सध्या त्याच्या मेव्हण्याच्या अंगावर होता, आणि चौथा हा प्रश्न विचारायच्या आत निघून गेला होता. नंदुरबारचे शिंपी कामाला लागले. वैशाखाच्या उन्हात, जिथं कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते, तिथं माणसं गरम कापडाचे कोट घालून मापं देऊ लागली. एकदोघांना भोवळ आली. सुधारणेच्या मार्गात एवढं चालायचंच.

आता दाराची व्यवस्था. जिनिंगचा राखणदार दिलवरसिंग हा उंच, मिशाळ आणि हुकमाचा पक्का गडी. एकदा झुंबरलालनं "गाठी सोडून हलू नको" असं सांगितलं, तर गोदामाला आग लागली तरी तो कापसाच्या गाठींवर बसून राहिला होता. झुंबरलालनं त्याला मांडवाच्या दाराशी उभं केलं.

"देख, दिलवरसिंग. ज्यानी छातीवर फूल नही, तो आत नही. मंग कोनीबी राहो. बाप उना तरी सोडू नको."

"बाप उना तरी नही," दिलवरसिंगनं घोकून घेतलं.

झुंबरलालची बायको कंकुबाई पापड वाळवताना हे ऐकत होती. "भाईजी कोठून कोट आनतीन?" तिनं विचारलं.

"भाईजीले कोन अडवी?" झुंबरलाल हसला.

"दिलवरसिंग," कंकुबाई म्हणाली.

भाईजी म्हणजे झुंबरलालचा थोरला भाऊ कांतीलाल. त्याची खापर गावात दुकानदारी. सातपुड्यातून उतरणाऱ्या माणसांना मीठ, गूळ, तेल विकायचं आणि त्यांच्याशी त्यांच्या बोलीत गप्पा मारायच्या, एवढ्यात तो सुखी होता. बाप लवकर गेला तेव्हा झुंबरलाल एवढासा होता. कांतीलालनंच त्याला वाढवलं, अक्षरओळख करून दिली, तराजू धरायला शिकवलं, आणि मिसरूड फुटल्यावर "खापरले तू मावत नही" असं म्हणून नंदुरबारला धाडलं. पुढं कंकुबाई दीर्घ आजारानं अंथरुणाला खिळली तेव्हा लहानगी धनकंवर दोन वर्षं खापरलाच होती. मोठ्या काकाला ती बाबोसा म्हणायची. दुकानातल्या गुळाच्या ढेपेवर बसून ती गिऱ्हाइकांना दामटायची आणि बाबोसा तिच्या मताप्रमाणे वजन करायचा. लग्नात हथलेवा जोडायचा, म्हणजे नवरीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा, तो मान घरातल्या वडील पुरुषाचा. तो बाबोसाचा, हे धनकंवरला बोलता येऊ लागलं तेव्हापासून ठरलेलं होतं.

कांतीलालनं जन्मात कोट घातला नव्हता. बाराबंदी, धोतर आणि पगडी. उन्हाळ्यात तीच, हिवाळ्यात तीच, वर एक घोंगडी.

लग्नाच्या दिवशी सुरतेची गाडी दुपारी आली. फलाटावर रुखमाबाईच्या ओल्या फडक्यांनी झाकलेल्या टोपल्या मांडून ठेवल्या होत्या. बँड वाजू लागला. हुकमीचंद शेठ उतरले, नवरदेव उतरला, मागून सगळी जान, म्हणजे वऱ्हाडाची माणसं, उतरली. झुंबरलाल गुलाब घेऊन पुढं झाला आणि जागीच थिजला.

सगळे कोट घालून आले होते. पण ते बंद गळ्याचे होते. गळ्यापासून पोटापर्यंत बटणंच बटणं, आणि त्या सगळ्या बटणांना आपापली काजं. मोकळं भोक एकही नाही.

झुंबरलालनं वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण अधिकारी माणूस घाम आला म्हणून निर्णय थांबवत नाही.

"भोक पाडून घ्यावं लागेल," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"व्याह्यांच्या."

शिंपी सोबत आणलेलाच होता. त्यानं कात्री काढली. हुकमीचंद शेठच्या कोटाचं कापड रेशमाच्या झाकेचं, बहुधा याच लग्नासाठी शिवलेलं. शिंप्यानं छातीशी कात्री लावली तेव्हा शेठ जरा मागं सरले.

"हे काय?"

"मान," वामनराव म्हणाले. "आपला मान, शेठजी."

हुकमीचंद शेठ मोठे गृहस्थ होते. त्यांनी श्वास रोखला आणि आभाळाकडे पाहिलं. कचकन आवाज आला. नवरदेवाच्या आजोबांनी मात्र कोट घट्ट धरून ठेवला होता. त्यांना दोघांनी समजावलं आणि तिसऱ्यानं कापलं. थोड्याच वेळात सुरतेची सगळी जान नंदुरबारच्या फलाटावर छातीला भोक पाडून, त्यात गुलाब आणि शेपू खोचून उभी होती. शेपूचा वास आणि दुपारची भूक यांचं मिश्रण होऊन पाहुण्यांपैकी एकानं भाजीची चौकशी केली.

मांडवाशी येईपर्यंत निम्मे गुलाब माना टाकून बसले. वामनरावांनी तिथल्या तिथं निर्णय दिला की झुकलेलं फूल उभं समजण्यात यावं. पण झुंबरलालचं समाधान होईना. आत मांडवात ओवाळणीच्या वेळी त्यानं ताजे गुलाब मागवले आणि स्वतःच्या हातानं व्याह्यांच्या छातीवर बदलायला घेतले. टाचणी हातात, गुलाब दातात, समोर हुकमीचंद शेठची छाती. तेवढ्यात त्याची नजर गर्दीवरून दारापर्यंत गेली.

दाराशी पिवळी पगडी दिसली.

कांतीलाल आला होता. बैलगाडीनं, तापी ओलांडून, अंगावर धूळ. काखेत लाल कापडात बांधलेली धनकंवरसाठीची चुनडी. दिलवरसिंगनं हात आडवा केला होता. कांतीलाल त्याला काही सांगत होता, हसत होता आणि मान उंचावून आत कुणाला तरी शोधत होता. त्याला झुंबरलाल दिसला. दोघांची नजर मिळाली. कांतीलालनं हात वर केला.

झुंबरलालनं काय करायला हवं होतं हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा त्यालाही माहीत होतं. पण हातात टाचणी होती, समोर व्याही होते, आणि एवढा एक गुलाब लावून झाला की जातोच, असं त्यानं मनाशी म्हटलं. तो गुलाब लावून झाल्यावर शेजारी व्याह्यांचे भाऊ उभे होते. त्यांच्या शेजारी मेव्हणे होते.

दाराशी मात्र कामकाज नियमानुसार चाललं होतं. मंडळानं कोटहीन आप्तांसाठी एक राखीव कोट ठेवला होता. वामनरावांनी तो कांतीलालला घातला. तो कुणा किरकोळ शरीराच्या माणसासाठी शिवलेला होता. बाह्या कोपरापाशी संपल्या, पाठ ताणली गेली, आणि पगडीखाली बाराबंदी, बाराबंदीवर कोट अशा थाटात साठीच्या घरातला तो माणूस दाराशी उभा राहिला. कुणीतरी हसलं. फूल लावताना कळलं की कोटाचं भोक फाटलेलं आहे. कण्हेर दोनदा लावली आणि दोनदा खाली पडली.

"फूल टिकत नाही," वामनराव म्हणाले. "नाइलाज आहे."

"राहू द्या," कांतीलाल म्हणाला. त्यानं कोट काढला, नीट घडी घातली, झटकून वामनरावांच्या हाती दिला आणि वळून निघून गेला.

गोरज मुहूर्त जवळ आला. व्याह्यांच्या छातीवर नवे गुलाब, मांडवात मोगरा, कोपऱ्यात कण्हेर, सगळीकडे शेपू. शेजारच्या पथारीवरून वारं आलं की मांडव शिंकायचा आणि सगळी फुलं एकदम हलायची. ते दृश्य फार सुधारलेलं दिसे. नवरा-नवरी बसले. भटजींनी हथलेव्याची तयारी केली आणि विचारलं, "वडील कोण?"

धनकंवरनं घुंगटाच्या आतून विचारलं, "बाबोसा कुठंयत?"

भटजींनी झुंबरलालकडे पाहिलं.

"उशीर झाला असेल," झुंबरलाल म्हणाला. "मी देतो हात. कर पुढं."

धनकंवरनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले. "ते दाराशी आले होते. आईनं माडीवरून पाहिलं." तिचा आवाज हळू होता, पण वाद्यं नेमकी तेव्हाच थांबली होती. "बाबोसा येईपर्यंत मी हात देणार नाही. मुहूर्त गेला तर जाऊ द्या."

सुरतेच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. हुकमीचंद शेठनी घड्याळ काढलं. भटजींनी आभाळ पाहिलं. झुंबरलाल कंकुबाईकडे पाहायला वळला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. तेव्हा तो उठला, वाट काढत बाहेर पडला आणि दाराबाहेर आल्यावर पळू लागला. बऱ्याच वर्षांत तो पळाला नव्हता. नव्या बुटांत तर कधीच नाही. वाटेत त्यानं बूट काढून हातात घेतले.

गाडीतळावर कडुनिंबाखाली कांतीलालची गाडी सुटलेली होती. तो बैलांना पाणी पाजून परत जुंपायच्या तयारीत होता. झुंबरलाल धापा टाकत समोर उभा राहिला.

"भाईजी."

"बूट हातमा कसाले?" कांतीलालनं विचारलं.

"भाईजी, चाला. आंडेर धनकंवर हात पुढे करत नही. बाबोसा पाहिजे म्हनस."

कांतीलालनं जू खाली ठेवलं. "माले राग नही उना रे. तुन्हा पावना मोठा. मी मनमा म्हटलं, आपलामुळे फूल कमी पडाले नको."

"मी तुमले देखं, भाईजी."

"मीबी तुले देखं," कांतीलाल म्हणाला. "तुन्हा दातमा गुलाब व्हता. म्हनीसन तू बोलना नही. मी समजी गऊ."

झुंबरलालनं वाकून भावाच्या पायाला हात लावला आणि तो तसाच वाकलेला राहिला. कांतीलालनं त्याला दंड धरून वर उठवलं. या धडपडीत झुंबरलालच्या कोटावरचा गुलाब निसटला आणि बैलापुढं पडला. बैलानं तो हुंगला, शेपू खाल्ला आणि गुलाब ठेवला.

दोघं झपाझपा मांडवाशी आले. आत वाद्यं मुकी. दाराशी दिलवरसिंग.

"सर बाजूले," झुंबरलाल म्हणाला.

"शेठ, फूल?"

"पडी गयं."

"मंग आत नही."

"आरे, मी शेठ शे! माले वळखत नही का?"

"वळखस ना," दिलवरसिंग म्हणाला. "पन तुम्हीच सांगेल व्हतं, बाप उना तरी सोडू नको."

"आरे, ते मी मन्हा बापनं सांगेल व्हतं! बोलानी पद्धत शे ती!"

दिलवरसिंगनं क्षणभर विचार केला. "तुमना बाप ते कव्हयच देवाघर गयात, शेठ. तेस्ले मी कसा अडवसू? मी समजनू, नवरीना बाप."

झुंबरलालनं आरडाओरड केली. पण मांडवात नेमका बँडवाल्यांनी वेळ मारून न्यायला पुन्हा बाजा सुरू केला होता. वामनरावांना हाक मारली तर ते व्याह्यांना कलेक्टरसाहेबांची हकीकत सांगण्यात रंगले होते. फुलाची टोपली आत होती. झुंबरलालनं दिलवरसिंगला ढकलून पाहिलं. ते गाठी ढकलण्यासारखं झालं. आपल्याच मुलीच्या लग्नात, आपल्याच पैशाच्या मांडवाबाहेर, बूट हातात घेऊन तो उभा राहिला. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला सांगितलं, "बिगर बोलावेल व्हई."

कांतीलालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाल मन्हासंगे. मांगला दारथीन."

मागच्या दाराला पहारा नव्हता. त्या दारानं पाणी यायचं, लाकडं यायची, पत्रावळी यायच्या, आणि ज्यांच्या हाताला काम होतं ती माणसं यायची. अशांना फूल विचारायचं मंडळाच्या ध्यानात राहून गेलं होतं. झुंबरलाल चुलाणांच्या धुरातून आत शिरला आणि डोळे चोळत उभा राहिला.

त्याचं अर्धं गणगोत तिथं होतं. तळोद्याचा मामा परातीत कणीक तिंबत होता. प्रकाशा गावचे चुलते बुंदी पाडणाऱ्याला झारा धरायला मदत करत होते. लहानपणी ज्यांच्या अंगणात तो खेळला ती खापरची माणसं ओळीनं बसून पानं पुसत होती आणि मोठमोठ्यानं हसत होती. एकाच्याही अंगावर कोट नव्हता. सकाळी पुढच्या दारावरून परत फिरल्यावर, कुणी न सांगता, ती एकेक करून मागून आत आली होती. मांडवात कोण बसलंय हे झुंबरलालला आता आठवून पाहावं लागलं. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं वामनरावांना विचारावी लागली असती.

"उनात का तुम्ही, भाईजी?" रुखमाबाई टोपलीवरून मान वर करत म्हणाली. "तवयपासून वाट देखी ऱ्हायनूत."

कांतीलाल हात धुऊन मांडवात गेला तेव्हा संधिप्रकाश अगदी सरत आला होता. धनकंवरनं पगडी ओळखली, आणि कुणी सांगायच्या आत ओढणीखालून उजवा हात बाहेर काढला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, जरा वेळ तसाच धरून ठेवला (भटजी खाकरले), आणि नवरदेवाच्या हातात दिला. मुहूर्त साधला की चुकला यावर भटजींनी मौन पाळलं. मग त्यानं चुनडी सोडून पोरीच्या डोक्यावर घातली. झुंबरलाल बाजूला उभा होता, अनवाणी, धुरानं काळवंडलेला, आणि रडत होता. धुरानं डोळे चुरचुरतात, असं तो दोनतीन जणांना म्हणाला.

जेवणं झाल्यावर हुकमीचंद शेठ त्याच्याजवळ येऊन बसले. बराच वेळ ते छातीवरच्या भोकाची दशी बोटानं आत ढकलत होते.

"व्याहीबुवा, राग नसावा," ते म्हणाले. "पण तुमच्या मुलखाची ही रीत फार कडक आहे हो."

"कुठली रीत?"

"ही फुलाची. भोकाची. आमच्या सुरतेत असं काही नाही. तुम्ही सगळे कोट घालून उभे राहिलात, शिंपी पुढं झाला, तेव्हा म्हटलं, खानदेशात बहुधा याशिवाय मुलगी देत नसतील. आमचे वडील तर घाबरले. पण पोराचं लग्न आहे म्हणून सगळ्यांनी सोसलं."

झुंबरलालनं सावकाश मान वळवून वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी ऐकलं होतं. ते डगमगले नाहीत.

"सुरतेत नाही ना? मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "म्हणजे ही आपलीच प्राचीन रीत आहे."

आणि ती झाली. त्याच मोसमात नंदुरबारच्या आणखी लग्नांत बटणफूल आलं. ज्यांनी झुंबरलालच्या दारावरून परत फिरल्याची कडवट हकीकत घरोघर सांगितली होती, त्यांनी आपल्या घरच्या लग्नासाठी आधी माळीण ठरवली आणि मग नवरी. दिलवरसिंगला मांडवामांडवातून बोलावणी येऊ लागली. शेपूचा भाव चढला. मंडळाला जिल्ह्याचं स्वरूप द्यावं अशी सूचनाही पुढं आली.

दोन वर्षांनी खापरला कांतीलालच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. झुंबरलालनं कंकुबाईला बजावून सांगितलं, आता कोट नाही, फूल नाही, साध्या बाराबंदीत जायचं. भाईजींच्या दारात कुणाला कसला थाट दाखवायचा? आणि तो खरोखरच तसा गेला. दुकानापुढच्या ओसरीवर छोटा मांडव होता. दाराशी स्वतः कांतीलाल टोपली घेऊन उभा होता. तो येईल त्या प्रत्येकाला, डोंगरातून आलेल्या लंगोटीवाल्यापासून तालुक्याच्या वकिलापर्यंत, हाताला येईल ते फूल देत होता. ज्याला कोट त्याच्या कोटात, ज्याला नाही त्याच्या कानावर.

"भाईजी, तुम्हीबी?" झुंबरलाल म्हणाला.

"लोकेसले आवडस रे," कांतीलाल म्हणाला आणि त्याच्या कानामागं एक फूल खोचून दिलं.

झुंबरलालला गहिवरून आलं. आत जाऊन तो जाजमावर टेकला. थोडा वेळ तो नवरा-नवरीकडे पाहत राहिला. मग त्यानं सहज म्हणून डावीकडच्या माणसाच्या कानावर काय आहे ते पाहिलं. मग उजवीकडच्या. मग जरा मान वर करून पुढच्या रांगेतल्यांच्या. आणि मग, कुणाचं लक्ष नाही असं बघून, हात कानामागं नेऊन आपलं फूल कुठलं आहे ते त्यानं चाचपलं.

आपल्याला हसू आलं असेल, तर यायलाच हवं. आता आपण शेवटच्या ज्या लग्नाला गेला होतात तिथं चला. दाराशी आपल्याला कुणीतरी काहीतरी लावलं, बांधलं किंवा हातात दिलं. ते घेऊन आत गेल्यावर, नवरा-नवरीकडे पाहण्याआधी, आपण कुणाकडे पाहिलंत?